महारुखाच्या भावकीतलं झाड

आमच्या घराजवळून स्कूलकिल नदीकाठची पायवाट जाते. गेल्या सप्टेंबरात लेकीबरोबर तिथे फिरताना एका झाडाखाली बूट चिकटायला लागले. भोवती गांधीलमाश्या घोंगावत होत्या. वर पाहिलं, तर खोडावर इंचभर लांबीचे राखाडी किडे दाटीने बसलेले.

मी म्हणाले, "अगं, हे तर तुडतुड्यांचे भाऊबंद!" माझं माहेर रत्नागिरीकडचं. तुडतुडे आंब्याचा मोहोर शोषतात, तेव्हा पानांवर असाच चिकट थर बसतो आणि मग त्यावर काळी बुरशी चढते.

लेकीने शाळेत ऐकलं होतं : लँटर्नफ्लाय दिसली की चिरडायची. तिने पाय उचललाच होता. पण माझी जुनी मास्तरकी जागी झाली. म्हटलं, "थांब. आधी ओळख पटव, मग शिक्षा."

पुढचे पंख राखाडी, त्यांवर काळे ठिपके. उडी मारताना मागचे लाल पंख दिसतात. पिल्लं आधी काळी, पांढऱ्या ठिपक्यांची असतात. मोठं होण्याआधी लाल होतात. फुलपाखरासारखे दिसले तरी हे सोंडेने रस शोषणारे किडे. माणसाला चावत नाहीत.

झाडाचीही ओळख पटवली. लांब देठावर दुतर्फा पानं, आपल्याकडच्या महारुखासारखी. चुरगळलं तर खवट शेंगदाण्याचा वास. हे 'ट्री ऑफ हेवन', महारुखाच्या भावकीतलंच, पण मूळचं चीनचं. 1784 मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी ते फिलाडेल्फियात याच नदीकाठच्या आपल्या बागेत आणलं, शोभेसाठी. त्याच्या आवडीचा हा किडाही चीनचाच. तो अमेरिकेत पहिल्यांदा सापडला 2014 मध्ये, याच नदीच्या वरच्या अंगाला, बर्क्स काउंटीत. झाड आधी आलं. किड्याला सव्वादोनशे वर्षांनी ओळखीचं घर मिळालं.

लेक थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाहेरून आला म्हणून मारायचं? आपणही बाहेरूनच आलोय ना?"

उत्तर लगेच सुचलं नाही. चालता चालता म्हटलं, "कुठून आला म्हणून नाही गं. इथे त्याला आवरणारे शत्रू पुरेसे नाहीत. हा झुंडीने द्राक्षवेलींचा रस शोषतो, वेली वाळतात. ज्याचा मळा असतो त्याचं वर्ष जातं. आंबा गेला की आजोबांचं जायचं तसं." तिला कितपत पटलं, ठाऊक नाही. पाय मात्र तिने खाली ठेवला, आधी नीट पाहिलं आणि मगच चिरडलं.

शरदात याच्या माद्या अंडी घालतात. एकेका पुंजक्यात तीस-पन्नास, वर वाळलेल्या चिखलासारखा लेप. झाडावर, दगडावर, अंगणातल्या खुर्चीवर, गाडीच्या खालच्या बाजूलाही. किडा फार लांब उडत नाही. त्याला गावोगाव पोचवतो आपणच.

दिवाळीला आम्ही दुसऱ्या राज्यात दिराकडे जातो. यंदा फराळाचे डबे गाडीत ठेवण्याआधी लेक टॉर्च घेऊन गाडीखाली वाकली. मागच्या चाकाजवळ एक पुंजका सापडला. जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने तो खरवडून हँड सॅनिटायझर भरलेल्या पिशवीत टाकला, पिशवी घट्ट बांधली आणि मगच निघालो.

तुम्हीही निघण्याआधी गाडीखाली एकदा वाकून बघा.