अँथनी गोन्साल्विस

१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला, तेव्हा मी गंगाखेडच्या शाळेत नुकताच लागलो होतो. पोरं वर्गात ते नाव ओरडायची, मीही हसायचो. वाटायचं, गंमत म्हणून बनवलेलं नाव!

फार उशिरा कळलं, हा माणूस खरा होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा, व्हायोलिन वाजवणारा अरेंजर. संगीतकाराने चाल बांधायची आणि कोणतं वाद्य कुठे काय वाजवणार, ते यांनी कागदावर उतरवायचं. पडद्यावर नाव मात्र बहुधा नसायचंच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले, म्हणून गुरूचं नाव त्या गाण्यात आलं. २०१२ साली ते गेले.

माझे गुरुजी परभणीतच राहायचे. नोकरी लागल्याचं मी त्यांना साधं पोस्टकार्डही टाकलं नव्हतं...