टिटवी आणि टर्की

‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण शाळेत आपण सर्वांनीच वाक्यात उपयोग करून दाखविली आहे. समुद्राने अंडी ओढून नेली म्हणून त्याच्याशी वैर मांडणाऱ्या त्या पक्ष्याची पंचतंत्रातली गोष्ट मला पुन्हा आठवली, ती ग्वाल्हेरपासून हजारो मैल दूर, मिसिसिपी नदीच्या बांधावर उभा असताना. तेथे मात्र गोष्ट टर्कीची होती.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, २०१९ च्या एप्रिलमध्ये, आम्ही उभयता मुलीकडे जॅक्सनला गेलो होतो. शेजारी एक वयस्क गृहस्थ राहत. ते हाडाचे शिकारी. त्यांच्या मित्रमंडळींनी व्हिक्सबर्गच्या उत्तरेला, ओकच्या सखल रानात, शिकारीसाठी जमीन भाड्याने घेतली होती. मी अनेक वर्षे पाटबंधाऱ्यांच्या कामात काढली, हे मुलीकडून कळताच एके सकाळी ते दारात येऊन म्हणाले, “चला, तुम्हाला पाणी दाखवतो.”

मी पूर पुष्कळ पाहिले आहेत. आपल्याकडचा पूर येतो, दोन-चार दिवस थैमान घालतो आणि चिखल मागे ठेवून निघून जातो. हा पूर येऊन बसलेला होता. मुख्य नदी फुगली की तिचे पाणी आत शिरू नये म्हणून तेथील दरवाजे बंद करतात. मग आतल्या भागात पडलेल्या पावसालाही बाहेर जायला वाट उरत नाही. त्या वर्षी ते दरवाजे फेब्रुवारीत बंद झाले होते आणि पाणी पुढे उन्हाळाभर हटले नाही. सुमारे साडेपाच लाख एकर जमीन बुडाली. बांधावरून पाहिले तर दूरवर झाडांचे नुसते शेंडे दिसत होते. ते पाणी उपसण्यासाठी पंप बसवावेत ही मागणी फार जुनी. पाणथळ जागांचा नाश होईल या कारणास्तव पर्यावरण खात्याने २००८ मध्ये ती योजना नामंजूर केली होती. रस्त्याच्या कडेला पंपांची मागणी करणारे फलक जागोजाग लागले होते. फायलीच्या दोन्ही बाजू वाचण्याची सवय असल्यामुळे मी गप्प राहिलो.

“हीच आमची जमीन,” पाण्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. मला वाटले, आता भाडे वाया गेल्याचे रडगाणे ऐकावे लागणार. ते बोलू लागले ते माद्यांविषयी.

टर्की आपल्याला केवळ मेजवानीचा पक्षी म्हणून ठाऊक. (जहांगीर बादशहाकडे १६१२ मध्ये तो पोहोचला तो गोव्याहून, आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्रही काढले, हे गोव्याच्या आपल्या सभासदांना आवडावे.) रानातली टर्की मात्र वेगळी. वसंतात पहाटे नर गडगडाटी साद घालतो आणि शिकार करायची ती त्याचीच, तीही प्रौढ नराची. हंगामात एकाला फार तर तीन. मादी जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला, पालापाचोळ्यात उथळ खळगा करून रोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते आणि मग चार आठवडे त्यांवर बसते. रात्री झाडावर मुक्काम करणाऱ्या या पक्ष्याला स्वतःचा जीव पुरातून वाचविता येतो. अंडी कशी उचलणार? एक घरटे बुडाले तर ती दुसरे मांडू शकते. पण त्यासाठी जमीन उघडी पडावी लागते, आणि या पुराने ती पडूच दिली नाही. पिले निघाली तरी पहिले सुमारे दोन आठवडे त्यांना उडता येत नाही.

“मग या उंच बांधावर त्यांनी घरटी करावीत,” मी अधिकाऱ्याच्या थाटात सुचविले.

त्यांनी बांधाच्या उताराकडे बोट दाखविले. तेथे हरणे दाटीवाटीने उभी होती, बरगड्या मोजाव्यात इतकी खंगलेली. “कोरडी जागा सगळ्यांनाच हवी आहे,” ते म्हणाले. “रकून, कोयोट, साप. अंडी खाणारे सारे याच पट्टीवर गोळा झाले आहेत.” थोड्या वेळाने त्यांनी हिशेब सांगितला. या वर्षी पिले नाहीत, म्हणजे २०२१ च्या वसंतात दोन वर्षांचे नर नाहीत. “तेव्हा रान मुके असेल.” आणि त्यांनी विचारले, “तुमच्याकडे पाणी सोडताना काय काय मोजता?”

मी सांगितले : गावे, माणसे, गुरे, घरे, उभी पिके. आमच्या नमुन्यात एवढेच रकाने होते.

परतताना मोटारीत मात्र मला राहवेना. नोकरीच्या उमेदीच्या वर्षांतली गोष्ट. खालच्या गावाला प्यायला पाणी हवे म्हणून एप्रिलमध्ये एका लहान धरणातून पाणी सोडायचे होते. आदल्या संध्याकाळी चौकीदार आला. नदीच्या वाळूवर टिटव्यांची आणि सुरयांची अंडी आहेत, पाणी जरा हळूहळू सोडता येईल का, असे त्याने भीतभीत विचारले. गावाची तहान खरीच होती, त्यात शंका नाही. पण हळूहळू सोडले असते तरी ती भागली असती; फक्त दरवाज्यावर आठ-दहा दिवस माणूस बसवावा लागला असता. मी म्हणालो, “आदेश एकदम सोडण्याचा आहे.” आदेशाचा मसुदा मीच केला होता, हे मी त्याला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीवर गेलो तेव्हा वाळू नव्हती. पाण्यावर टिटव्या ओरडत घिरट्या घालत होत्या. मी जीपमधून उतरलो नाही.

शेजारी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या पक्ष्याचे नाव विचारले. मी सांगितले. ‘ट’ त्यांना काही केल्या जमेना. तरी घर येईपर्यंत ते पुटपुटत होते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मुलीचा फोन आला. “बाबा, शेजारचे आजोबा तुमची आठवण काढत होते. ते तीन दिवस पहाटे रानात जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी एकदाच साद ऐकू आली, खूप लांबून.”

“आणि मग?”

“मग काही नाही. बंदूक त्यांनी नेलीच नव्हती म्हणे.”