वन्संच्या सात वर्षांचा कागद



आमच्या पेणच्या महिला मंडळात पूर्वी शाळेत शिकवलेल्या चार-पाच जणी आहेत. मी बी.कॉम. झालेली, म्हणून त्या मला विचारतात, "जुन्या नोकरीची वर्षं पेन्शनमध्ये धरतात का हो?" उत्तर म्हणून माझ्या रोह्याच्या नणंदेची हकिकत सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे.

वन्संनी १९९७ ते २००४ अशी सात वर्षं देवळाली कॅम्पला लष्कराच्या शाळेत गणित शिकवलं. त्यांच्या यजमानांचं तिथे कापडाचं दुकान होतं. लोकांना वाटायचं, मिलिटरीची शाळा म्हणजे सरकारी पेन्शन असणारच. पण लष्कराच्या परिसरातल्या शाळा दोन प्रकारच्या असतात. एक केंद्रीय विद्यालयं. १९६३ मध्ये २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन ती सुरू झाली आणि ती केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहेत. दुसऱ्या आर्मी पब्लिक स्कूलसारख्या, ज्या १९८३ मध्ये स्थापन झालेली लष्कराची कल्याणकारी संस्था चालवते. तिथे सरकारी पेन्शन नाही, प्रॉव्हिडंट फंड असतो. वन्संची शाळा दुसऱ्या प्रकारातली.

सरकारी नियमांत जुनी वर्षं जणू विकत घेता यायची. केंद्राच्या एका स्वायत्त संस्थेतून पेन्शन असलेल्या दुसऱ्या संस्थेत गेलं, तर फंडातला मालकाचा हिस्सा सोडून आधीची नोकरी जोडता येत असे. १९८४ च्या आदेशात त्यासाठी एक वर्षाची मुदत होती. गप्प राहिलं तर फंडच पत्करला असं धरत. वन्संना ही वाट नव्हती.

त्यांच्यासाठी होती फंडाची पेन्शन. रोह्याचे चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री असताना, १९५२ साली फंडाचा कायदा झाला. आजची पेन्शन योजना मात्र १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. मालक जो हिस्सा भरतो, त्यातले पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात. पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. दहाच्या आत नोकरी सुटली तर दोन पर्याय असतात: पेन्शनचे पैसे काढून घ्या, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट घ्या. दोन्हींसाठी फॉर्म एकच, १०-सी. पैसे घेतले की ती वर्षं पुसली जातात. नंतर पैसे परत करून ती मागता येत नाहीत.

२००४ मध्ये घर रोह्याला हलवायचं ठरलं. दुकानाच्या गाळ्याला डिपॉझिट हवं होतं. फंडातली शिल्लक तिकडे गेली. पेन्शनचे पस्तीस हजारांच्या आसपास मिळणार होते. वन्संनी फोन केला, "वहिनी, हेही काढू का? घरात सगळे काढ म्हणतात." मी म्हटलं, "गाळ्याचं भागलंय ना? मग एवढा कागद तुमच्या नावाने राहू दे." त्यांनी सर्टिफिकेट घेतलं आणि नवकाराच्या पुस्तकासोबत कपाटात ठेवलं.

पुढे २००८ ते २०१३ त्यांनी एका खासगी शाळेत शिकवलं. सर्टिफिकेट तिथे दिलं आणि सात अधिक पाच अशी बारा वर्षं झाली. २०२१ मध्ये ५८ पूर्ण झाल्यावर १०-डी फॉर्म भरला, तर नव्या शाळेने जन्मतारखेचा महिना चुकीचा कळवलेला. ती दुरुस्ती होईपर्यंत पेण-रोहा गाडीने किती चकरा झाल्या, ते आम्हा दोघींनाच ठाऊक.

हिशोब असा: सरासरी पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. त्या वेळची पगाराची मर्यादा ६,५०० रुपये. बारा वर्षांचे झाले महिन्याला १,११४ रुपये.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढं? खरं सांगायचं तर पस्तीस हजार मुदत ठेवीत न मोडता ठेवले असते, तर त्यावरही व्याज आलंच असतं. पण ते राहिले असते का? घरात लग्न निघतं, आजारपण येतं, दुकानात माल भरायचा असतो. बाईच्या नावाची ठेव सगळ्यात आधी मोडते. पेन्शन मोडता येत नाही.

वन्संचे यजमान २०१९ मध्ये गेले. दुकान आता मुलगा बघतो, चांगला बघतो. तरी पर्युषणात पाठशाळेच्या मुलांना प्रभावना द्यायची, तर त्यासाठी त्याच्यापुढे हात पसरायचा नाही, असं वन्संना वाटतं. ते पैसे त्या यातून देतात. "हे माझ्या फळ्यावरच्या खडूचे आहेत, वहिनी," म्हणतात.

तेव्हा ज्यांनी कधीही फंड कापणाऱ्या शाळेत नोकरी केली असेल, त्यांनी जुने कागद काढा. सर्टिफिकेट असेल तर वर्षं मोजा. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का पाहा. पेन्शन सुरू असेल तर हयातीचा दाखला बारा महिन्यांच्या आत पुन्हा द्या. आणि सुना-लेकी नोकरी सोडत असतील, तर १०-सी भरण्याआधी त्यांच्याशी एकदा बसून बोला. पैसे काढायचे की वर्षं राखायची, हे त्यांनी समजून ठरवलं पाहिजे.

काही अडलं तर मंडळात या, मी कागद बघून देईन.