दहा मीटर

फौजेत माणूस मोजायचा म्हणजे आधी त्याचे पाय मोजायचे. खडकवासल्याला अकादमीत शिरलो त्या दिवसापासून कुणी ना कुणी स्टॉपवॉच घेऊन माझ्या मागे उभा आहे. पीपीटीत २.४ किलोमीटर, बीपीईटीत अंगावर सामान चढवून ५ किलोमीटर. वय वाढलं की पळायला मिनिटं थोडी वाढवून मिळतात, आणि चाळिशीतले आम्ही सगळे अधिकारी त्या सवलतीची वाट बघत असतो. उघडपणे कुणी कबूल करत नाही, एवढंच!

चंडीमंदिरला पोस्टिंग असताना मात्र एका वेगळ्याच परीक्षेला मी बरेच महिने हजर राहत होतो. तिचं अंतर होतं १० मीटर.

परीक्षार्थी माझ्या जुन्या कंपनीतला एक लान्स नायक होता. गडी गढवालचा. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि त्याचा कमरेचा पहिला मणका फुटला. छातीचे मणके बरगड्यांनी बांधलेले, ताठ असतात, कमरेचे लवचिक. हे दोन्ही जिथे जुळतात तिथेच धक्का सगळ्यात जास्त बसतो, असं सर्जननी मला कागदावर चित्र काढून समजावलं. ऑपरेशन झालं, सळ्या घातल्या. युनिट दूर होतं. सीओंचा फोन आला, "तू तिथे आहेस, लक्ष ठेव." मग माझे रविवार तिकडे जाऊ लागले.

पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, "साहब, चलूँगा ना?" तेच गावाहून आलेल्या त्याच्या वडिलांनी विचारलं, फोनवर बायकोने विचारलं, आणि वॉर्डातल्या सफाईवाल्यानेसुद्धा. एकाच शब्दाचा प्रश्न, पण डॉक्टर त्याचं एका शब्दात उत्तर देत नव्हते. तेव्हा ते मला खटकत होतं. का देत नव्हते, ते त्यांची मोजणी बघितल्यावर कळलं.

सुरुवात टाचणी आणि कापसापासून होते. डोळे मिटायला सांगून अंगावर जागोजागी टोचतात, स्पर्श करतात. मग प्रत्येक पायाचे पाच स्नायूगट तपासतात: मांडी उचलणारा, गुडघा सरळ करणारा, पाऊल वर ओढणारा, अंगठा वर करणारा आणि टाच उचलणारा. प्रत्येकाला ० ते ५ गुण. शून्य म्हणजे काहीच नाही. १ म्हणजे स्नायू नुसता थरथरला, हाताला जाणवला. ३ म्हणजे जमिनीच्या ओढीविरुद्ध स्वतःच्या बळावर हालला. दोन्ही पायांचे मिळून ५० गुण. आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी गुदद्वाराची, कारण मज्जारज्जूचे सगळ्यात खालचे धागे तिथे पोचतात. तिथे जाणीव शिल्लक असेल तर दुखापत 'अपूर्ण', म्हणजे वरचा निरोप थोडा तरी खाली पोचतो आहे. या तपासणीवरून जवान मंडळी फार लाजतात. आमचा तर दोन दिवस नर्सिंग स्टाफच्या नजरेला नजर देईना. त्याला मी सांगितलं, अरे बाबा, तुझी सगळ्यात चांगली बातमी तिथूनच आली आहे.

त्याची दुखापत अपूर्ण होती. पहिल्या तपासणीत ५० पैकी ११ गुण, सहा महिन्यांनी २९. उजव्या गुडघ्याचा स्नायू ३ वर आला त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी स्वतःच्या पैशाने जिलेबी आणली. गुडघा सरळ धरणारा स्नायू ३ वर पोचला की चालण्याची आशा बरीच वाढते, असं त्यांचं गणित.

मग उभं राहणं, पॅरलल बार, कॅलिपर, आणि अखेर ती मोजपट्टी. तिचं नाव विस्की! फौजी माणसाला हे नाव विसरणं शक्य नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरच्या चालण्याची ही पट्टी, ० ते २०. माणूस १० मीटर कशाच्या आधाराने जातो, एवढंच ती बघते. बार, वॉकर, कुबड्या की काठी? पायात कॅलिपर आहे का? कुणी हात धरला आहे का? वॉकर, कॅलिपर आणि धरायला एक माणूस, तर ६. तोच माणूस धरणाऱ्याशिवाय गेला तर ९. कॅलिपरही सुटला तर १३. दोन कुबड्यांवर, कॅलिपरशिवाय, एकट्याने गेला तर १६. काहीही न घेता गेला तर २०.

आमच्या गड्याला हा आकडा म्हणजे प्रमोशनची यादीच झाली. रविवारी मी दिसलो की सॅल्यूटच्या आधी आकडा: "साहब, नौ." "साहब, तेरह." वॉर्डातली बाकीची मंडळी एकमेकांचे आकडे विचारू लागली. मॅडम वैतागल्या. "सर, ही स्पर्धा नाही," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, फौजीला पट्टी दाखवलीत, आता स्पर्धा थांबवून दाखवा.

पण त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते १६ आल्यावर उघड झालं. कुबड्यांवर, एकट्याने, १० मीटर पार. वडिलांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे गावी फोन लावला: मुलगा चालला, घरी आणतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्टॉपवॉच काढलं. विस्की वेळ मोजत नाही. दहा मीटर एका मिनिटात जा की पाच, आकडा तोच. म्हणून वेगाची परीक्षा निराळी. जमिनीवर १४ मीटरची आखणी, सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-दोन मीटर सोडून मधल्या १० मीटरची वेळ. त्याला लागले ४० सेकंद. म्हणजे सेकंदाला पाव मीटर. शहरात रस्ता ओलांडणाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण १.२ मीटर धरतात. मग सहा मिनिटांची चाल. पाव मीटरच्या हिशेबाने ९० मीटर व्हायला हवे होते. झाले ६८. चौथ्या मिनिटाला खांदे थरथरायला लागले, शर्ट घामाने चिंब. आणि त्याचं घर गाडीरस्त्यापासून चढावर, दगडी पायऱ्यांच्या वाटेने दीडएक किलोमीटर!

मॅडमनी वडिलांना बसवून विचारलं, पाण्याचा नळ कुठे? शौचालय घरात की बाहेर? दर काही तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते, ती स्वच्छ जागा कुठे? बायको दिवसभर शेतात असते, मग हा पडला तर कोण उचलणार? यातलं काही विस्कीत नाही. पायऱ्या आणि १०० मीटरच्या पुढचं अंतर दुसऱ्या एका पट्टीत येतं, आणि तिथे त्याचे गुण कमी होते. त्या म्हणाल्या, चालणं रोजच्या व्यायामासाठी आणि घरातल्या घरात. बाहेर जायला व्हीलचेअर.

व्हीलचेअर हा शब्द ऐकताच त्याने तोंड फिरवलं. तीन दिवस जिममध्ये आला नाही.

याबाबतीत माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे चालणं म्हणजे बरं होणं आणि खुर्ची म्हणजे हरणं, असं घरचेच रोग्याच्या डोक्यात भरवतात. आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे, मोहालीचं १९७८ पासून. मोहाली आमच्यापासून जवळ, म्हणून चौथ्या दिवशी त्याला गाडीत घालून तिकडे नेलं. मी काही बोललो नाही. व्हीलचेअरवरचा एक जुना हवालदार त्याच्याशी तासभर बोलत बसला. परत येताना गाडीत त्याने एकच विचारलं: "साहब, उनका कितना था?" मी म्हटलं, शून्य.

पुढे मेडिकल बोर्ड झालं, कागद झाले, पेन्शन सुरू झाली. वडील गाव सोडायला तयार नव्हते. सुनेने मात्र ठामपणे सांगितलं की वरच्या घरी एकटीने यांना सांभाळणं जमणार नाही. शेवटी रस्त्यालगतच्या बाजारात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, एकीत मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. वरचं घर आणि शेत धाकटा भाऊ बघतो. व्हीलचेअर दुकानात असते. खोलीपासून गल्ल्यापर्यंत तो कुबड्यांवर जातो. भावाकडून दोरीने मोजून घेतलं आहे: ११ मीटर. परवा फोनवर म्हणाला, ३१ सेकंद लागतात.