एसटीची समोरची काच

जालना

चि. छोटू,

पार्सल पोचल्याचा मेसेज आला आणि मागोमाग दुसरा, "मामी, समोरच्या काचेच्या कोपऱ्यात धुकं का आहे?" हे फोनवर सांगून व्हायचं नाही, म्हणून कागद घेतला.

पहिलीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तू इथे आला होतास. खेळण्यातली बस पांढरी होती आणि तुला एसटी हवी होती. खिडकीच्या गजांना लावून उरलेला लाल ऑइल पेंट तू टपापासून काचांपर्यंत सगळीकडे फासलास. ड्रायव्हरला दिसणार कसं, असं मामांनी विचारलं, तर म्हणालास, "त्याला रस्ता पाठ आहे." जालना-अंबड रोज करणाऱ्याबद्दल ते अगदीच खोटं नव्हतं.

यंदा माळ्यावरच्या ट्रंकेत ती सापडली. मामा पडले एसटीचे भक्त. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर पहिली एसटी सुटली, म्हणून दर १ जूनला स्टँडवर जाऊन समोर दिसेल त्या कंडक्टरच्या हातावर पेढा ठेवणारा माणूस. तुझ्या लेकाला बस पाठवायची ठरली तेव्हा टपावरचा लाल रंग त्यांनी तसाच ठेवला. काचा मात्र उघडायच्याच होत्या.

सुरुवात घाईने झाली. हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आणलं, बोळा भिजवला आणि कोपऱ्यावर एकदा फिरवला. रंग सुटला, पण खालची काच दुधी झाली. मामा पाच मिनिटं काही बोलले नाहीत, त्यांच्या मानाने फारच झालं.

पारदर्शक प्लास्टिकची गंमत (की छळ) अशी, की त्याला लपायला जागा नाही. रंगीत प्लास्टिकचा वरचा थर जरा खरवडला तरी नव्या रंगाच्या हाताखाली झाकून जातो. काचेचा थर थिनरने विरघळून पुन्हा सुकला की खडबडीत होतो. मग उजेड सरळ आरपार जात नाही, विखुरतो. आपल्या न्हाणीघराच्या खिडकीला मुद्दाम बसवतात तशी काच, फक्त इथे न मागता मिळालेली.

मग मामा शहाणे झाले. काच काढून टेबलावर टाकली, ती जवळजवळ धातूसारखी किणकिणली. अशी वाजते ती पॉलिस्टायरीन. कॅसेटच्या पारदर्शक डब्या त्याच प्लास्टिकच्या, आणि आपल्याकडे नाट्यगीतांच्या कॅसेटी दोन खोके भरून. एक डबी प्रयोगाला गेली. (कॅसेट मी आधीच काढून घेतली होती.) डबीवर त्याच लाल पेंटचे ठिपके दिले, आठवडाभर वाळवले आणि एकेका ठिपक्यावर एकेक औषध. माझ्या नेलपॉलिश रिमूव्हरने, म्हणजे त्यातल्या अॅसिटोनने, रंगाबरोबर डबीही चिकट झाली. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट पुसायला आयपीए वापरतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्याने डबीला काही झालं नाही, पण रंगही ढिम्म हलला नाही. पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग असता तर त्यानेच निघाला असता. वाळून घट्ट झालेला ऑइल पेंट अल्कोहोलला दाद देत नाही.

शेवटी अंबड चौफुलीजवळच्या गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "काका, ब्रेक ऑइल लावा. गाडीच्या टाकीवर एक थेंब सांडला तरी पेंट उचलतंय." हे नावालाच ऑइल. साध्या डॉट थ्री ब्रेक ऑइलमध्ये तेल नसतं, ग्लायकॉल इथर जातीची द्रव्यं असतात, म्हणून ते पाण्याने धुऊन निघतं. परदेशातले मॉडेल बनवणारेही जुना रंग काढायला ते वापरत आले आहेत. डबी त्यात एक दिवस तगली, मगच काच बुडवली. भांडी घासायचे माझे रबरी हातमोजे मामांनी पळवले, कारण ते द्रव्य विषारी. परतही केले नाहीत, ते बरंच झालं.

सकाळी काचेवरचा लाल रंग उकळून थंड झालेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. जुन्या टूथब्रशने हलकेच ओढला, तर पट्टीच्या पट्टी निघून आली. खाचांतला लाल टूथपिकने काढला. टाचणी घेतली असती तर ओरखडा उठला असता. मग साबणाचं कोमट पाणी. उकळतं नाही, कारण शंभर अंशांच्या आसपास पॉलिस्टायरीन मऊ पडून वाकतं.

हे वाचून तू तिथे हेल्मेटच्या काचेवर ब्रेक ऑइल घालशील, म्हणून सांगते. ती काच बहुतेक पॉलिकार्बोनेटची असते आणि अशा द्रव्यांनी तिला बारीक तडे जातात. सीडीही पॉलिकार्बोनेटचीच, तिची कडक डबी मात्र पॉलिस्टायरीनची. एकाच खोक्यातली दोन प्लास्टिकं, पण एकाचं औषध दुसऱ्याला विष.

उरला तो थिनरचा कोपरा. मामांनी दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून त्यावर घासला, मग डेंटिंगवाल्याकडचं रबिंग कंपाउंड, शेवटी टूथपेस्ट आणि बनियनचा तुकडा. तीन संध्याकाळी गेल्या. बरंच उजळलं, पण पुरतं नाही, कारण आणखी घासलं असतं तर काच तिथे पातळ झाली असती. तुला दिसलं ते धुकं हेच.

मागचं डावं चाक जरा ढिलं आहे. निघालं तर फेविक्विक लावू नकोस. त्याची वाफ जवळच्या काचेवर बसून पांढरी होते. पांढरा फेविकॉल लाव आणि रात्रभर सुकू दे.

तुझी मामी