सहा नावांची बोट

लग्नात नवरा ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माझ्या आजीचं असं लिहिलं गेलं आणि माहेरचं नाव पुढे फक्त तिच्या भावाच्या तोंडी उरलं. ‘कर्णिका’ या बोटीची हकीकत कळली तेव्हा मला ते ताट आठवलं.

ती दिसली होती 2019 च्या उन्हाळ्यात, मांडव्याच्या लाँचमधून. 245 मीटर लांब, पांढरीफटक. “ही बोट आहे की सोसायटी?” शेजारचे काका म्हणाले. जहाज मराठीत नपुंसकलिंगी, बोट मात्र ती; म्हणून मी बोटच म्हणतो.

जन्म इटलीचा. त्रिएस्तेजवळच्या मोन्फाल्कोनेला, फिनकांतिएरीच्या गोदीत. मागणी नोंदवली होती सितमार कंपनीने, पण बोट पुरी होण्याआधीच, 1988 मध्ये, पी अँड ओने सितमारच विकत घेतली. साखरपुडा एका घरी, लग्न दुसऱ्या घरी. आणि हे दुसरं घर मुंबईला परकं नव्हतं: बॅलार्ड पियरवर विलायतेची डाक आणि साहेब उतरवणारी कंपनी तीच.

तिला रूप दिलं रेंझो पियानो यांनी. पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये रिचर्ड रॉजर्स यांच्यासोबत त्यांनी इमारतीची आतडी बाहेर काढून रंगवली होती. इथे नेमकं उलटं. डॉल्फिनच्या डोक्यासारखा एक गुळगुळीत घुमट पुढच्या अंगाला बसवला आणि बाकी सगळं त्या वळणाखाली झाकलं. मला तो घुमट फार आवडतो. आजच्या क्रूझबोटी म्हणजे बाल्कन्यांची कपाटं. हिला चेहरा होता. 1990 मध्ये सोफिया लॉरेनच्या हस्ते बारसं झालं: ‘क्राउन प्रिन्सेस’.

मग घरं बदलत गेली. 2002 मध्ये जर्मन प्रवाशांसाठी ‘आरोझा ब्लू’. 2003 मध्ये पी अँड ओ प्रिन्सेस आणि कार्निव्हल एकत्र आल्या आणि पुढच्या वर्षी ती ‘आयडाब्लू’ झाली. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लालभडक ओठ रंगवले गेले. 2007 ला इंग्रजांची ‘ओशन व्हिलेज टू’, 2009 ला ऑस्ट्रेलियाची ‘पॅसिफिक ज्युवेल’. दर वेळी जुनं नाव रंगाखाली जायचं. बदलत नाही तो सात आकडी आंतरराष्ट्रीय क्रमांक. आजीच्या भावासारखा तो तेवढा मूळ ओळख धरून असतो.

2019 मध्ये एस्सेल समूहाच्या झेन क्रूझेसने तिला मुंबईत आणलं आणि ‘जलेश’ या नाममुद्रेखाली सहावं नाव दिलं: कर्णिका, कमळाचा गाभा. मुंबई–गोवा फेऱ्या सुरू झाल्या. ज्या पाण्यावरून एकेकाळी भाऊच्या धक्क्याहून ‘रोहिणी’ आणि ‘कोकण सेवक’ चाकरमानी घेऊन जायच्या, त्याच पाण्यावरून. त्या बोटींत डेकवर वळकट्या पसरलेल्या आणि बंदर येईपर्यंत निम्म्या लोकांना बोट लागलेली. इथे पोहण्याचे तलाव.

वर्षभरही धड गेलं नाही. मार्च 2020 मध्ये महासाथीने फेऱ्या थांबवल्या, आणि मुंबईसमोर नांगरलेली बोट घेणेकऱ्यांच्या दाव्यांत सापडली. सागरी कायद्याची एक गंमत आहे: दावा थेट बोटीवर लावता येतो. मालक कुठेही असो, प्रतिवादी बोट, आणि अटक होते तीही तिलाच. वॉरंट तिच्या अंगावर चिकटवतात. लिलावाच्या पैशांत खलाशांच्या पगाराचा मान वरचा, एवढं बरं. मुंबई उच्च न्यायालयाच्या हुकमाने लिलाव झाला, आणि नोव्हेंबरमध्ये ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्याला लागली.

तिची धाकटी बहीण, ‘रीगल प्रिन्सेस’, तिच्याहून सुदैवी म्हणायची. त्याच वर्षी तिला पनामाच्या किनाऱ्यावर आभासी चलनवाल्यांची वसाहत करायची म्हणून कुणी विकत घेतलं आणि ‘सातोशी’ नाव दिलं. तो बेत फसला. आता ती ‘अँबियन्स’ होऊन इंग्लंडच्या टिलबरीहून सफरी करते, तोच घुमट डोक्यावर घेऊन.

अलंगला बोट उधाणाच्या भरतीला पूर्ण वेगाने वाळूत घुसवतात. ओहोटीला पाणी निघून जातं आणि एवढा देह उघडा पडतो. आधी आतला संसार निघतो: गाद्या, खुर्च्या, कपबश्या, आरसे, दारं. सगळं जवळच्या त्रापज गावाच्या रस्त्यावरल्या दुकानांत जातं. मग गॅसकटर येतात. तोंड किनाऱ्याकडे असतं, म्हणून कापायला सुरुवात नाळेपासून होते.