मोडकी ओळ

काम करणाऱ्या प्रोग्रामरला हाक मारली की तो मान वर न करता ‘एक मिनिट’ म्हणतो. यात उद्धटपणा नसतो. हे फंक्शन कुठून कुठून कॉल होतं, त्या व्हेरिएबलमध्ये नल कधी येतो, कोणती शंका तपासून सोडून दिली, हे सगळं त्याने डोक्यात धरून ठेवलेलं असतं. फाइल सेव्ह होते, हे होत नाही.

क्रिस पार्निन आणि स्पेन्सर रुगाबर यांनी 86 प्रोग्रामरांच्या कामाची सुमारे 10,000 सत्रं तपासली. खंड पडल्यावर मिनिटभरात पुन्हा कोड लिहायला लागल्याचं जेमतेम दहा टक्के सत्रांत दिसलं. एरवी आधी फायली उघडून बघायच्या, जुने बदल चाळायचे. टाइमशीटमध्ये याला रकाना नाही.

माझी भिस्त एका साध्या युक्तीवर आहे. उठताना कोडमध्ये मुद्दाम मोडकी ओळ टाकायची. कॉमेंटची खूण न लावता, सरळ वाक्य: ‘रिफंड उणे येतोय, राउंडिंग बघ, टॅक्स बघून झालाय.’ सकाळी बिल्ड चालवला की कंपायलर नेमका तिथेच अडतो. यातले शेवटचे तीन शब्द सर्वांत मोलाचे. काय बघायचं ते पुन्हा सुचतं. काय बघून झालं ते मात्र हमखास विसरतं. ‘टूडू’ कॉमेंट कुणालाच अडवत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

केंट बेक टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंटवरच्या पुस्तकात हेच सुचवतो: एकट्याने काम करत असाल तर शेवटची टेस्ट नापास ठेवून उठा. टीमच्या सामायिक कोडमध्ये मात्र सगळ्या टेस्ट पास झाल्याशिवाय काही टाकायचं नाही. ही दुसरी अट लोक सोयीस्कर विसरतात, आणि मग कुणाची तरी खासगी आठवण सगळ्यांचा बिल्ड पाडते.

एकट्याची सोय ही अशी. टीमची आठवण कमिट मेसेजमध्ये राहायला हवी. गिट ब्लेम कुणी, कधी बदललं ते चोख सांगतं. का बदललं हे तिथे कुणी लिहिलं असेल तरच कळतं, आणि बहुतेकदा ‘बग फिक्स’ एवढंच सापडतं.

अर्थात लिहिण्यालाही मर्यादा आहेच. पीटर नाउर यांनी 1985 साली मांडलं की प्रोग्रामची खरी समज तो घडवणाऱ्यांच्या डोक्यात असते, कागदपत्रांत ती पुरती उतरत नाही. मला हे पटतं. टीममध्ये नवीन कुणी आलं की विकीची लिंक पाठवून मी मोकळा होत नाही. एखादा चालू बग घेऊन शेजारी बसवतो, आणि कीबोर्ड त्यांच्याकडे देतो.